बाखची लेखणी कधी थांबली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

जर्मन संगीतकार बाख ‘आर्ट ऑफ फ्यूग’ लिहिता लिहिताच गेला, ही प्रसिद्ध गोष्ट मला पटत नाही असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (फ्यूग म्हणजे अशी रचना, जिच्यात एक छोटी धून, म्हणजे ‘विषय’, वेगवेगळ्या आवाजांत एकापाठोपाठ येत गुंफली जाते; ‘आर्ट ऑफ फ्यूग’ हा एकाच मूळ विषयावर बेतलेला अशा रचनांचा संग्रह.) तुमचं म्हणणं असं, की त्यातल्या शेवटच्या फ्यूगमध्ये बाखने स्वतःचं नाव सुरांत गुंफलं आणि तिथेच तो गेला, हे खुद्द मुलाने हस्तलिखितावर लिहून ठेवलंय, तेव्हा मी उगाच फाटे फोडतोय.

मुलगा म्हणजे कार्ल फिलिप इमानुएल. २८ जुलै १७५० रोजी वडील लाइपझिगला वारले, तेव्हा हा प्रशियाच्या राजाच्या पदरी नोकरीला होता. बरं, त्याच्याच देखरेखीखाली निघालेली १७५१ची छापील प्रत बघा. दहाव्या फ्यूगचा जुना खर्डा वेगळी रचना म्हणून पुन्हा छापलाय, आणि शेवटच्या, अपूर्ण फ्यूगचे हस्तलिखितातले अखेरचे काही बार (मात्रांचे खंड) चक्क गाळलेत. वडिलांचा बेत घरच्यांना नीट ठाऊक असता तर हा घोळ झाला असता का?

आता मुलाची नोंद असलेलं हस्तलिखिताचं ते पान. बर्लिनच्या स्टेट लायब्ररीत आहे. तिसरा विषय सुरू होतो तो नावाचा : बी, ए, सी, एच. जर्मन पद्धतीत बी म्हणजे बी फ्लॅट आणि एच म्हणजे आपण ज्याला बी म्हणतो तो सूर. सी हा सा धरला तर कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. (चार सुरांत दोन्ही निषाद, गाऊन बघाच.) पुढे तिन्ही विषय एकत्र येतात न येतात तोच, २३९व्या बारमध्ये बाकीचे आवाज थांबतात, एकटा टेनर (चार आवाजांतला खालून दुसरा) जरा पुढे जातो आणि कागद कोरा.

हस्ताक्षराच्या अभ्यासावरून बाखचे अभ्यासक योशिताके कोबायाशी यांनी हे पान ऑगस्ट १७४८ ते ऑक्टोबर १७४९ मधलं ठरवलं. म्हणजे मृत्यूच्या निदान नऊ महिने आधीचं. याच सुमारास बाखने बी मायनर मास (गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची भव्य प्रार्थनारचना) तडीस नेला. एक अजस्र काम पुरं करणारा माणूस हे का सोडतो? मला खरं कोडं हे वाटतं, आणि मृत्यूच्या गोष्टीने ते झाकलं जातं.

तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत! १७५४मध्ये छापलेल्या मृत्युलेखात म्हटलंय, की अखेरच्या आजारपणामुळे उपान्त्य फ्यूग अपुरा राहिला आणि चार विषयांचा शेवटचा लिहायचाच राहिला. मग आपल्या हाती आहे तो यातला कुठला? या फ्यूगच्या हाती असलेल्या पानांत संग्रहाचा मूळ विषय एकदाही येत नाही, म्हणून हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट यांनी हा फ्यूग या संग्रहातलाच नाही असं मत मांडलं. उलट संगीत-अभ्यासक नोटेबोमने १८८१मध्ये दाखवून दिलं, की मूळ विषय या तिन्हींवर चपखल बसतो. बाखचे अभ्यासक ख्रिस्तोफ वोल्फ यांचा तर्क त्यापुढचा : ही जुळणी बाखने आधीच एका वेगळ्या कागदावर करून ठेवली असणार, तो कागद हरवला. जुळणीपुरतं मला पटतं. तिसऱ्या विषयापर्यंत येऊन मग चौथा बसतो का ते बघायचं, असं बाख करणार नाही. पण तेवढ्यावरून शेवटही लिहून तयार होता असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

राहिला बाखचा मृत्युशय्येवरचा म्हणून सांगितला जाणारा कोराल, म्हणजे चर्चमधल्या भजनाच्या चालीवरची रचना. छापणाऱ्यांनी तो अपूर्ण फ्यूगची भरपाई म्हणून जोडला, आणि त्याचं मूळ बाख वायमार या जर्मन गावी नोकरीला होता त्या जुन्या काळातल्या ऑर्गन-रचनेत आहे. मैफलीत तो शेवटी जरूर वाजवा, माझी हरकत नाही. मात्र बाखने तो तिथे ठेवला असं म्हणू नका.