ल्यूगरवरचं ४२ आणि कोटींचा हिशेब

सध्या एक मजकूर फोटोसकट या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. ‘घरात दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन पिस्तूल आहे? स्वस्तिक असेल तर ते नाझी अधिकाऱ्याचं. नंबर जितका लहान तितकं दुर्मीळ. घासूनपुसून चकचकीत करा, किंमत कोटीत जाते.’ फोटोतलं पिस्तूल खरं दिसतं, ल्यूगर पी०८ हे जर्मन लष्करी पिस्तूल. खालचं लिखाण मात्र सगळं हवेतलं.

आधी ते स्वस्तिक. गरुडाखालचं हे चिन्ह म्हणजे लष्कराच्या चाचणीचा शिक्का. शेजारचे गरुड-आकड्याचे बारीक छाप कारखान्यातल्या तपासनिसाचे. साध्या शिपायाला मिळालेल्या पिस्तुलावरही हेच शिक्के असत. वॉल्थर या जर्मन कंपनीच्या पी३८ नमुन्याची पिस्तुलं तर युद्धकाळात दहा लाखांहून अधिक बनली. त्यातलं प्रत्येक काय अधिकाऱ्याचं? उलट एसएस या नाझी दलाच्या विजेसारख्या खुणा मागाहून कोरून भाव चढवलेले नग बाजारात आहेत, तिथे जास्त जपावं.

फोटोखाली कुणीतरी ‘१९४२ सालचं’ असंही लिहून ठेवलंय. वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर ४२ आहे हे खरं, पण तो ही ल्यूगर पिस्तुलं बनवणाऱ्या, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या मौझर कारखान्याचा सांकेतिक आकडा. साल बघायचं ते पुढे, गोळी बसते त्या भागाच्या माथ्यावर. तिथे फोटोतच स्वच्छ १९३९ दिसतंय! पुढे १९४१ मध्ये मौझरने सांध्यावर ४२ ऐवजी ‘बीवायएफ’ ही सांकेतिक अक्षरं घातली आणि साल दोन आकडी केलं. म्हणजे त्या पिस्तुलांवर पुढे दिसणारं ४२ हे खरंच साल. तेच ४२, बोटभर पुढे सरकलं की अर्थ वेगळा.

लहान नंबरचं म्हणाल, तर नंबर १०,००० पर्यंत गेले की पुन्हा १ पासून सुरू व्हायचे, मागे फक्त एक अक्षर लागायचं. ३७ झालं, मग ३७ए, ३७बी. वर्ष बदललं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ‘आमचा नंबर ३७’ याला फारसा अर्थ नाही. जाणकार वेगळंच बघतात: मुख्य नंबरचे शेवटचे दोन आकडे ट्रिगर, सेफ्टी अशा सुट्या भागांवर जुळतात का, आणि मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या खोक्याच्या, बुडावर तोच नंबर आहे का. जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर नंबराशेजारी अधिकचं (+) चिन्ह असतं. ही दोन्ही मॅगझिन्स पिस्तुलासोबत टिकलेली असली तर खरंच भाव चढतो.

आता घासूनपुसून. एवढा घातक सल्ला दुसरा नसेल. संग्राहक पैसे मोजतो तो कारखान्यातल्या मूळ निळसर काळ्या मुलाम्याचे, मग तो कडांना झिजलेला का असेना. नवा मुलामा चढवला की किंमत निम्म्यावरही येते, आणि तो लपतही नाही. बफिंगने अक्षरांच्या कडा बुजतात, धारदार कोपरे गोल होतात. मुलाम्यानंतर मारलेल्या शिक्क्याभोवती धातूची जी उजळ कड असते, तीही काळी पडून जाते. एक गंमत सांगतो. जुन्या ल्यूगरचे ट्रिगरसारखे काही छोटे भाग गवताच्या काडीसारखे पिवळसर असत. मौझरने ही पद्धत १९३७ मध्ये सोडली. तरी १९४१ च्या पिस्तुलाला हौसेने पिवळा ट्रिगर बसवणारे आहेतच. विकणारा ‘काय सुंदर!’ म्हणतो, घेणारा तिथेच हात आखडता घेतो.

राहिला कोटीचा आकडा. तो कुणीतरी जाहिरातीत मागितलेला भाव आहे. मागायला काय जातं? लिलावात हातोडा पडला तो आकडा बघा, तोही त्याच कोडच्या, त्याच सालच्या आणि तशाच स्थितीतल्या नगाचा.

आणि हे सगळं अमेरिकेसारख्या देशातल्या कायदेशीर बाजाराचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या, तेव्हा सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या माळ्यावर असं पिस्तूल निघणं अशक्य नाही. पण इथे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना ठेवणं हाच गुन्हा. तेव्हा भाव विचारत फोटो गटावर टाकू नका. आधी वकिलाला गाठा आणि त्याच्या सल्ल्याने ते पोलीस ठाण्यात जमा करा.