मावशीचं चूर्ण आणि माझं आतडं

अल्सरेटिव्ह कोलायटिस मागे लागून मला नऊ वर्षं झाली. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला, की दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं. स्वारगेटला एसटीत चढताना जागा मिळेल का हे मी नंतर विचारतो, गाडी वाटेत कुठे थांबते ते आधी. असं वर्षानुवर्षं काढलं की लग्नकार्यं सुटतात, मग मित्र, मग फोन उचलणंही. २०२१च्या पावसाळ्यात मन इतकं खचलं की मी अंथरुणातून उठेनासा झालो. पोटाच्या डॉक्टरांनी 'किती वेळा जाता' विचारलं. 'झोप लागते का' नाही विचारलं.

घरच्यांनी विचारलं, आणि उपायही आणले. मावशीचं अश्वगंधा चूर्ण, भावोजींच्या ब्राह्मीच्या गोळ्या, अमेरिकेतल्या आतेभावाच्या सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल. "अरे, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत!" या वाक्याने माझं डोकं फिरतं. ज्याने काहीच बिघडू शकत नाही, त्याने सुधारणार तरी काय?

ब्राह्मीने मला पुन्हा दिवसातून सहा वेळा पळवलं. मला वाटलं फ्लेअर आला, स्टेरॉइड सुरू करायच्या बेतात होतो. गोळ्या बंद केल्या, चार दिवसांत थांबलं. डोक्यासाठी घेतलेलं औषधही पोटातूनच जातं, आणि आमचं पोट म्हणजे आधीच फाटलेलं धोतर.

सेंट जॉन्स वर्ट सौम्य ते मध्यम नैराश्यावर चालतं, हे खरं. पण ते लिव्हरला असं कामाला लावतं की बाकीची औषधं भराभर निचरून जातात. तीव्र कोलायटिसमध्ये देतात ते सायक्लोस्पोरिनही त्यातलंच. एसिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळीबरोबर घेतलं तर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक वाढू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांनी मला तीच गोळी लिहून देण्याआधी "आणखी काय घेता?" विचारलं, म्हणून वाचलो. बाटली तेव्हा फ्रिजवर अर्धी संपलेली होती.

अश्वगंधेने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. कोलायटिसवरच्या अझाथायोप्रिन या औषधामुळे माझी लिव्हरची टेस्ट तशीही ठरावीक दिवसांनी होते. उद्या आकडा चढला तर कुणामुळे चढला, कसं कळणार?

'हळदीने कोलायटिस बरा होतो' हा फॉरवर्ड तर रोजचाच. त्यामागे काहीच नाही असं नाही. २००६ मध्ये जपानमध्ये ८९ कोलायटिस रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला एक घटक) घेणाऱ्यांत सहा महिन्यांत आजार कमी जणांचा पुन्हा उसळला. फॉरवर्ड होताना त्यातला 'सोबत' तेवढा गळतो. शिवाय ते कर्क्युमिन होतं, कपभर हळदीचं दूध नव्हे.

आणि बिनलेबलच्या पुड्या? २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिशाने पोट दुखतं, शौचाला होत नाही, चिडचिड होते. म्हणजे ज्यासाठी पुडी घ्यायची, तेच.

माझं हिमोग्लोबिन तेव्हा ८.४ होतं, हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. शिरेतून लोह दिल्यावर जिना चढता यायला लागला. गोळी आणि समुपदेशन चालू होतंच.

पुढच्या भेटीत सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. परत मिळाला फक्त इसबगोल, तोही "फ्लेअर उतरल्यावर घ्या" असं बजावून. मावशीला हे सांगितलेलं नाही. ती माझ्या पोस्ट वाचते. मावशी, रागावू नकोस गं, डबा धुऊन ठेवलाय.