फी जागेची, पगार मात्र दिवसाचा?

काल रात्री डेकेअरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. उत्तरायणला (म्हणजे संक्रांतीला) १४ आणि १५ दोन्ही दिवस बंद, जानेवारीची फी पूर्ण भरायची, खाली तीन पतंग आणि एक लाडू. आधी सगळे गप्प, मग एका पप्पांनी "दोन दिवसाचे माइनस व्हायला पाहिजे ने?" असं टाकलं आणि झालं सुरू. मी एक अक्षर लिहिलं नाही. कारण ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त मीच बोलले होते आणि नंतर ते गिळावं लागलं. ती गोष्ट इथे लिहिते, ग्रुपवर एवढं कोण वाचणार.

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथे दिवाळी म्हणजे धनतेरस ते लाभपाचम. मधे कोणाकडून काही काम होत नाही, प्लंबर असो की टेलर, एकच उत्तर, "लाभपाचम पछी", म्हणजे लाभपाचमनंतर. २०२५ ला धनतेरस शनिवारी १८ ऑक्टोबरला आणि लाभपाचम रविवारी २६ ला, म्हणजे डेकेअर सलग नऊ दिवस बंद. माझं ऑफिस मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे इथली एमआयडीसी), पण हेड ऑफिस पुण्याला, सुट्ट्यांची लिस्ट तिकडून येते. तिकडे लक्ष्मीपूजन २१ ला, इकडे दिवाळी २० ला (यावर आमच्या घरी जे झालं तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, सासूबाईंनी शेवटी दोन्ही दिवस पूजा केली). म्हणून २० तारखेला अख्खी जीआयडीसी सामसूम, चहाची टपरीसुद्धा बंद, आणि मी एकटी ऑफिसात टॅली उघडून बसलेली. शिवाय १८, २४ आणि २५ पण ऑफिस चालू.

असे चार दिवस आणि साडेतीन वर्षांची मुलगी. नवरा भरूचजवळच्या दहेजला कामाला, त्याची बस पहाटे साडेपाचला आणि नेमकं तेव्हाच प्लांटला शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीची कामं, रजा नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका, आमची लेक पळायला लागली की त्या बसल्या जागेवरून फक्त ओरडू शकतात. एक दिवस मी रजा टाकली, एक दिवस दांडियाबाजारहून माझी मावशी आली, एक दिवस शेजारच्या बेननी ठेवून घेतली आणि मठिया खाऊ घालून घालून पोट बिघडवलं, आणि २० ला तिला ऑफिसलाच नेली. माझ्या टेबलाखाली खडू घेऊन बसली होती, एका व्हाउचरच्या मागे हत्ती आहे, ऑडिटरना दिसेल तेव्हा दिसेल.

ह्या सगळ्यावर फी पूर्ण. मी अकाउंट्समधली बाई, लगेच हिशोब मांडला. महिन्याचे ६०००, कामाचे दिवस २६, दिवसाला साधारण २३०. रविवार सोडून सात दिवस बंद, म्हणजे १६१०. ग्रुपवर लिहिलं, राउंड करून १६०० कमी करा. अकरा अंगठे आले, मला जाम बरं वाटलं. डेकेअरवाल्या बेनचं उत्तर एका ओळीचं, "फी जग्यानी छे, दिवसनी नथी." जागेची फी आहे, दिवसाची नाही. मी इतकी चिडले की त्या रात्री चकलीचं पीठ नवऱ्याला मळावं लागलं.

पण चकल्या तळताना तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि मला त्या बाईचं म्हणणं पटायला लागलं. बावीस मुलं आहेत. बंगल्याचा मालक नऊ दिवसांचं भाडं सोडणार आहे का? मला स्वतःला २१, २२, २३ चा पगार मिळाला की नाही? शाळेची वर्षाची फी भरताना मे महिना वजा करा असं आपण कधी म्हटलंय? आणि मे महिन्यात तर गंमतच असते, अर्धी मुलं मामाच्या गावाला जातात, आईबाप म्हणतात आता फी नाही, जूनला परत येऊ. जूनला मात्र जागा तीच पाहिजे, मासी (मुलं सांभाळणाऱ्या बाया) त्याच पाहिजेत, कपाटातला खण सुद्धा तोच. मग ती जागा महिनाभर कोणाच्या जिवावर रिकामी ठेवायची? (कोणीतरी कोरोनाचा दाखला देणारच. २०२० ला गुजरात सरकारने शाळांच्या फीत २५ टक्के कपात करायला लावली होती, बरोबर आहे, पण तेव्हा शाळा महिनोन्महिने बंद होत्या. दिवाळी दरवर्षी येते.)

आणि मला पूर आठवला. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी गावात शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा आमच्या डेकेअरमध्ये गुडघाभर पाणी होतं. आठवड्याच्या वर बंद होतं. तेव्हा कोणीच पैसे कापा म्हणालं नाही. मी बघायला गेले तर बेन स्वतः साडी खोचून चिखल काढत होत्या, छोट्या छोट्या गाद्या कंपाउंडवर वाळत घातलेल्या, दोन्ही मासी खेळणी डेटॉलच्या पाण्यात धूत होत्या. पैसा कुठे जातोय ते डोळ्यांना दिसत होतं. दिवाळीत दिसत नाही, म्हणून खुपतं.

तर मी सहा हजार भरले, गुपचूप. ग्रुपवर सॉरी म्हणाले नाही, तेवढी मोठी मी नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. २७ ला लेकीला सोडायला गेले, मासींना बोणी (दिवाळीची बक्षिसी) दिली, चकली-अनारशांचा डबा दिला आणि सहज विचारलं, दिवाळीत पगार वेळेवर झाला ने? त्या हसल्या. म्हणाल्या, सात दिवसांचे कापले, "काम नथी तो पगार शेनो?" काम नाही तर पगार कसला, असं म्हणाल्या की जणू मलाच समजावतायत.

म्हणजे आमच्याकडून घेताना जागेची फी, आणि मासींना देताना दिवसाचा पगार! माझी सगळी समजूत ह्यावर उभी होती की बंद असलं तरी माणसांचे पगार चालू असतात म्हणून आपण फी द्यायची. मुलाची जागा धरून ठेवायची तर मासींची नको? माझी लेक झोपते ती मासींच्या मांडीवर, बंगल्याच्या भाड्यावर नाही. आणि ह्या बाया सोडून गेल्या की मुलं महिना महिना रडतात.

थांबा, मला फार मोठेपणा देऊ नका. त्याच संध्याकाळी आमच्या घरी कचरा-पोतं (केर-फरशी) आणि भांडी करणाऱ्या बेन आल्या आणि मला आठवलं की मे महिन्यात आम्ही दहा दिवस नाशिकला गेलो होतो तेव्हा मी त्यांचे दहा दिवस कापले होते. मीच. कॅल्क्युलेटरवर. त्या काही बोलल्या नव्हत्या, मला वाटलं होतं त्यांना चाललं. नोव्हेंबरच्या पगारात ते पैसे घालून दिले, त्यांनी दोनदा मोजले आणि म्हणाल्या जास्त आलेत.

आता कोणी म्हणेल कंपन्यांनीच पाळणाघर द्यावं. २०१७ च्या मॅटर्निटी कायद्याच्या दुरुस्तीत आलंच होतं तसं, ५० किंवा जास्त माणसं असतील तर. आमच्या इथे ३४ आहेत, विषय संपला.

बेनकडे माझी दुसरी तक्रार आहे ती वेगळी. वर्षाच्या सुट्ट्या ॲडमिशनच्या वेळी छापून द्या, पाच दिवस आधी पतंग चिकटवून मेसेज नको. आणि ज्यांची ऑफिसं परगावच्या कॅलेंडरवर चालतात असे आम्ही पाच-सहा आईबाप आहोत, त्यांच्यासाठी एखादी मासी जादा पैसे घेऊन यायला तयार असेल तर तसं करा. १८ आणि २० ला मी आनंदाने दिले असते, शेजारच्या मठियांपेक्षा स्वस्त पडलं असतं.

उद्या फी भरायची आहे, पूर्णच भरणार. बेनना समोर बसून विचारायचं ठरवलंय की १४-१५ चा मासींचा पगार कापणार का. त्या म्हणतील हा आमचा घरचा मामला, आणि ते अर्धं खरं पण आहे. अडचण वेगळीच आहे. मासींनी डबा घेताना हळूच सांगितलं होतं, "मारू नाम ना लेता हं." आता त्यांचं नाव न घेता विचारायचं कसं, डेकेअरमध्ये मासी दोनच आहेत, आणि दुसऱ्या तर दिवाळीनंतर परत आल्याच नाहीत, त्यांच्या जागी नवीन मुलगी आहे.