खुलासा : लांब क्रुसाच्या नाण्यांबद्दल

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या चांदीच्या पेनीवरचा (एक छोटं नाणं) क्रूस ख्रिस्ती धर्मयुद्धाची (क्रूसेडची) खूण आहे आणि तिचे अर्धे तुकडे म्हणजे बनावट माल, असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

क्रूस इंग्लिश नाण्यांवर पहिल्या धर्मयुद्धाच्या खूप आधीपासून आहे. राजा एथेलरेड (978–1016) याच्या नाण्यांवरही तो दिसतो. 1247 मध्ये हेन्रीने क्रुसाचे हात थेट कडेपर्यंत नेले. लोक कडेची चांदी कातरून घेत. आता टोक गायब दिसलं की चोरी लगेच कळायची. हातोड्याने ठोकलेलं नाणं मुळात वेडंवाकडं, त्यामुळे कड कातरलेली एरवी सहज कळत नसे, म्हणून ही युक्ती मला फार आवडते.

तुकडेही खरेच आहेत. सुट्ट्या पैशांसाठी क्रुसाच्या रेघेवरूनच पेनी कापत : अर्धा तुकडा अर्धी पेनी, पाव तुकडा फार्दिंग. फार्दिंग या शब्दाचा अर्थच चौथा हिस्सा. गोल फार्दिंग आणि अर्धी पेनी नियमितपणे पडू लागली ती राजा पहिल्या एडवर्डच्या काळात, 1279 नंतर.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका, आणि घरातला कापलेला तुकडा बनावट समजून वितळवायला तर मुळीच देऊ नका.