पडला तो सहांतला

शेठ, मे महिना लागला की चाकणपासून भोसरीपर्यंतच्या कारखान्यांना अचानक आठवतं, आपलं छप्पर गळतं. कामं धो धो येतील. पण पत्र्यावर पोरं चढवायची म्हटलं की गेटवरच सेफ्टीवाला हात पुढे करतो, डब्ल्यूसी पॉलिसी दाखवा, म्हणजे कामावर माणूस जखमी झाला किंवा मेला तर भरपाई देणारा विमा. आणि उंचीवरचं काम म्हटलं की विमावाला रेट चढवतो. घाबरू नका. प्रीमियम ठरतो तीन गोष्टींवर: माणसं किती, पगार किती, काम कोणतं. तिन्ही लिहून द्यायच्या असतात, आणि लिहिणारे तुम्ही आहात.

माणसांपासून सुरुवात करू. वर अठरा चढणार असतील तर पॉलिसीत सहा लिहा. पॉलिसीत बहुधा नावं नसतात, नुसता आकडा असतो. सगळी मेख इथेच आहे. अठरांतला कुणीही पडो, पडला तो सहांतला. उरलेले बारा त्या दिवशी गावी गेलेले असतात. गेटवरच्या रजिस्टरात अठरा सह्या असतात ही अडचण खरी, म्हणून सिक्युरिटीवाल्याचं चहापाणी आतापासूनच सुरू ठेवा.

मग पगार. पोराला रोज नऊशे देत असाल तर चारशे दाखवा. वर्षअखेर खरा पगार कळवून फरकाचा प्रीमियम भरायचा असतो, असं पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. झेरॉक्स काढताना ते पान नेमकं राहतं. आता एक कंटाळवाणा हिशेब. १९२३ चा भरपाईचा कायदा घ्या नाहीतर त्याला पोटात घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, माणूस मेला तर गणित एकच: अर्ध्या पगाराला वयाच्या गुणकानं गुणायचं. पंचविशीच्या पोराचा गुणक २१६.९१. तुमच्या चारशेच्या हिशेबानं, सव्वीस दिवस धरून, महिना १०,४००, म्हणजे भरपाई ११,२७,९३२. खरा पगार कोर्टात सिद्ध झाला, तर १५,००० ची कमाल मर्यादा धरून १६,२६,८२५. फरक पाच लाखांना जेमतेम हजार-बाराशे कमी, आणि विमा कंपनी म्हणणार, आम्ही दाखवलेल्या पगारापुरते. पण प्रीमियम वाचला ना? मग झालं तर.

कामाच्या रकान्यात ‘किरकोळ फॅब्रिकेशन, जमिनीवर’ लिहा. जमिनीवर काम करणारा माणूस तीस फुटांवरून पडलाच कसा, हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला समजावताना थोडी प्रतिभा लागेल. ती तुमच्याकडे आहे. तुमची कोटेशनं मी वाचली आहेत.

एवढंही नको असेल तर मुकादम गाठा. काम त्याच्या अंगावर स्क्वेअर फुटानं टाका, म्हणजे पोरं त्याची, तुम्ही मोकळे. शिवाय प्रत्येक पोराकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, ‘काही झाल्यास माझी जबाबदारी माझी.’ कायदा असला करार मुळातच रद्द मानतो आणि मुकादमानं हात वर केले की भरपाई वरच्या ठेकेदाराकडून घेतो. पण पाचशेचा कागद कपाटात असला की झोप छान लागते.

सेफ्टीवर खर्च करू नका. दोन हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे, पुरेत. दोघादोघांना घालून नऊ वेळा फोटो काढा. जाळी, लाइफलाइन, पत्र्यावर टाकायच्या फळ्या हे लाड कंपनीचे साहेब पाहणीला येतात त्या दिवसापुरते. उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे बसवलेले असतात ना? चार वर्षांची धूळ बसली की ते सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसतात. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे पोरांना अनुभवानं कळतं. बहुधा एकदाच.

झालंच काही, तर ‘प्यायला होता’ हे वाक्य पाठ असू द्या. मोडलेल्या हातापुरतं ते कायद्यात चालून जातं. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर प्यायलेला असला तरी भरपाई द्यावीच लागते, पण तोवर बोलून मन हलकं झालेलं असतं. मग गावाकडून बाप येईल. त्याला दोन लाख रोख द्या, अंगठा घ्या, एसटीत बसवून द्या. मृत्यूची भरपाई त्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, परस्पर दिलेली भरपाईत धरत नाहीत, हे कुणा वकिलानं त्याला सांगितलं तर तुमचे दोन लाख पुण्यखात्यात जमा समजा. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. शिवाय उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो विमा कंपनीनं भरायचा नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगून ठेवलंय.

बाकी सगळं ठीक आहे. फक्त सहा जण कोणते, ही चर्चा पोरांसमोर करू नका. उरलेले बारा शिडीला हात लावायचे नाहीत.