भोकाच्या पैशात सोनं नाही हो!

गड्ड्याच्या जत्रेपासून सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. इंग्रजांनी 1943 मध्ये पैशाला भोक पाडलं ते गरिबाला करगोट्यात ओवता यावं म्हणून. त्या काळातल्या पिवळ्या आण्यात सोनं आहे. रुपयातली चांदी काढून विलायतेला नेली. आणि घरात भोकाचा पैसा सापडला तर पाच लाख मिळतात. चारही मुद्दे बघू.

भोक. कुणी तो पैसा करगोट्यात ओवलाही असेल, कुणी वॉशर म्हणून बोल्टला लावला असेल. पण सरकारला वाचवायचं होतं तांबं, कारण युद्धात ते काडतुसांच्या पितळेला लागत होतं. आधीचा पैसा 4.86 ग्रॅमचा. नवा आकाराने लहान, पातळ, वर मध्ये भोक. भरला जेमतेम 2 ग्रॅम. आपल्या शेजारीच, तुळजापूर-नळदुर्गाकडे, निजामाचा हाली शिक्का चालायचा. त्यातल्या दोन पैच्या नाण्यालाही याच सुमारास भोक पडलं. आता निजामालाही रयतेच्या करगोट्याची काळजी लागली होती म्हणायचं का?

पिवळा आणा. निकेल चिलखती पोलादासाठी हवं होतं, म्हणून 1942 पासून अर्धा आणा, आणा आणि चवली निकेल-पितळेच्या निघाल्या. पितळ पिवळंच असतं. सराफाकडे कसाला लावा, दोन मिनिटांत निकाल.

चांदीचं मात्र अर्धंच खोटं आहे. रुपयातली चांदी खरोखर कमी झाली: 11.66 ग्रॅमच्या रुपयात 12 पैकी 11 भाग चांदी असायची, 1940 मध्ये ती निम्म्यावर आली. जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बादही केले. पण का? युद्धाच्या धास्तीने लोक नोटा देऊन बंदा रुपया घेत आणि गाडग्यात पुरत. टंचाई इतकी की 1940 मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. आणि चांदीचा प्रवास फॉरवर्डच्या नेमका उलटा आहे. अमेरिकेने लेंड-लीज करारात, म्हणजे युद्धात दोस्त देशांना माल उसना देण्याच्या योजनेत, हिंदुस्थानला सुमारे 22.6 कोटी औंस चांदी उसनी दिली. ती फेडायची वेळ स्वतंत्र भारतावर आली. त्यासाठी तेच अर्ध्या चांदीचे रुपये गोळा करून कलकत्त्याच्या अलीपूरला गाळावे लागले. रुपया तोवर, 1947 पासून, निकेलचा झाला होता. इंग्रजांच्या लुटीवर बोलायला जागा भरपूर आहे, त्यासाठी असली भाकडकथा कशाला?

राहिले पाच लाख. भोकाचे पैसे 1943 ते 1947 कोट्यवधी पडले. साधा, झिजलेला नग नाणेविक्यांकडे किरकोळ किमतीत मिळतो. पाच लाख देतो म्हणणारा जाहिरातवाला आधी नोंदणी फी मागतो, कधी रिझर्व्ह बँकेचं नावही पुढे करतो. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कसलीही फी घेत नाही, असं त्या बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय. तेव्हा पैसा डब्यात राहू द्या, आणि ओटीपी कुणाला सांगू नका.