बारीक कामाला बारीक नोझल हवंच, असं नाही

मिनिएचर, म्हणजे खेळांतल्या इवल्या मूर्ती, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) रंगवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. 'मूर्ती लहान, म्हणून नोझलही (रंग बाहेर पडतो ते तोंड) लहान हवं. ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक घ्या, त्या एकात सगळं भागतं. नवखे असाल तर सिंगल ॲक्शनच (एकाच दाबात हवा आणि रंग सोडणारा) घ्या. हवा कुठूनही आली तरी चालते. आणि रंग पाण्यातले, तेव्हा मास्कची गरज नाही.' सांगणारे मनापासून सांगतात. पण या सल्ल्यावर घेतलेले एअरब्रश महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'बारीक रेघेसाठी बारीक नोझल.' सगळी गफलत इथे आहे. नोझलचा आकडा म्हणजे त्याच्या भोकाचा व्यास. पण त्या भोकात सुई असते, आणि ती टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. ट्रिगर जरासा मागे घेतला की सुई किंचित सरकते आणि तिच्याभोवती केसाएवढी गोल फट उघडते. रंग येतो तो त्या फटीतून, आणि फट किती उघडायची हे बोट ठरवतं. म्हणूनच बॅजर पॅट्रियट १०५ सारखा ०.५ चा एअरब्रश सरावलेल्या हातात चांगली बारीक रेघ काढतो. मूर्तीपासूनचं अंतर, रंगाचा पातळपणा, हवेचा दाब आणि ट्रिगरवरचं बोट या चार गोष्टी जुळल्या नाहीत, तर ०.१५ चं नोझलसुद्धा ठिपके आणि ओघळच देईल.

बारीक नोझलचा फायदा अजिबात नाही असं मी म्हणत नाही. शाईसारखा पातळ रंग घेऊन मूर्तीच्या अगदी जवळून काम करायचं असेल, तर ०.२ मध्ये बोटाची चूक जास्त पोटात घातली जाते. पण त्याची किंमत मोजावी लागते. व्यास निम्मा झाला की भोकाचं क्षेत्रफळ चौथाई होतं. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा थर, दाट असतो, तो तिथे अडकतो. धातूच्या रंगातल्या चकचकीत कणांचंही तेच. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. नीट पाहिलं तर दुधावर धरते तशी साय तिथे धरलेली दिसते. फवारा आधी एका बाजूला झुकतो, मग थांबतो, आणि ट्रिगर आणखी ओढावा तर एकदम थुंकल्यासारखा रंग बाहेर पडतो, नेमका झालेल्या कामावर. ओलसर कापसाच्या काडीने टोक पुसायचं आणि पुढे जायचं, हाच त्यावरचा रोजचा उपाय. फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग वाहता ठेवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घातले तर साय उशिरा धरते. ०.४ वर हे अधूनमधून करावं लागतं. माझ्या पहिल्या ०.२ वर मी दर दोन-तीन मिनिटांनी करत होते, आणि दोष माझ्या हाताचा आहे असं समजत होते.

शिवाय एअरब्रश मूर्तीवर नक्की करतो काय? २८ मिलिमीटरच्या मूर्तीचा चेहरा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. तिचे डोळे, पट्ट्यांच्या कडा, बक्कल हे सगळं चांगल्या टोकाच्या साध्या ब्रशनेच होतं. एअरब्रशचं काम वेगळं आहे: प्रायमर, पहिला सपाट थर, काळ्यावर वरून पांढरा मारून उजेड-सावली पाडणं, अंगरख्यावर किंवा ड्रॅगनच्या पंखावर एका छटेतून दुसरीत अलगद जाणं, रणगाड्याचे पत्रे, शेवटचं व्हार्निश. याला ०.३ ते ०.४ पुरेसं आहे. दोन्ही हवं असेल तर नोझल-सुईची जोडी बदलता येईल असा घ्यावा. हार्डर अँड स्टीनबेक कंपनीचा इव्होल्यूशन अशा दोन जोड्यांसह मिळत आला आहे.

'नवख्याला डबल ॲक्शन जमत नाही.' जमतो. खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, एवढंच शिकायचं असतं. जुन्या कागदावर ठिपके आणि रेघा काढत दोन-तीन संध्याकाळी घालवल्या की बोट सरावतं. सिंगल ॲक्शनमध्ये रंग किती यायचा हे स्क्रूने आधीच ठरवावं लागतं, आणि हवा व रंग एकदमच सुरू होतात. त्यामुळे रेघेच्या दोन्ही टोकांना गाठ उमटण्याची भीती. डबल ॲक्शनमध्ये हवा आधी सुरू करायची आणि शेवटी बंद करायची, की गाठ पडत नाही. मिनिएचरवर सगळी मौज या ताब्यातच आहे, ती सुरुवातीलाच का सोडायची?

'हवा कुठूनही चालते.' डबाबंद गॅस वापरला की आतल्या द्रवाचा वायू होताना डबा गार पडत जातो आणि दाब उतरतो, म्हणजे छटा अर्ध्यावर असताना फवारा बदलतो. टाकी नसलेल्या लहान कॉम्प्रेसरची हवा ठोके देत येऊ शकते. टाकी, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप, हे तीन असलेला कॉम्प्रेसर घ्या. पातळ केलेल्या रंगाला १५ ते २० पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब बहुतेकदा पुरतो. पातळ रंगावर जवळून जास्त दाब मारला तर ओला रंग पसरून कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात.

मास्कबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. पाणी हे फक्त वाहन आहे. ते उडून गेल्यावर हवेत तरंगतात ते राळेचे आणि रंगद्रव्याचे सूक्ष्म कण, आणि काही रंगद्रव्यांत कॅडमियम किंवा कोबाल्ट असतं. ब्रशने लावताना ते मूर्तीवर राहतं, फवारताना श्वासात येतं. कापडी मास्क याला उपयोगी नाही. निदान एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा. लॅकर (उग्र थिनरने पातळ होणारा रंग) वापरत असाल तर वाफा शोषणारी कार्ट्रिजही लागतेच.

या सल्ल्यात जे येतच नाही, ते म्हणजे सफाई. एअरब्रश रोज खोलावा लागतो, तेव्हा तो कसा खुलतो ते घेण्याआधी बघा. काहींचं नोझल इवल्या पान्याने आटे पिळून बसवायचं असतं. जरा जास्त पिळलं की आटा तुटून आतच राहतो. दाबून आपोआप मध्यावर बसणारं नोझल नव्या हाताला जास्त सोसतं. आतल्या सीलचंही विचारा: साध्या रबराची ओ-रिंग लॅकर थिनरने फुगते, टेफ्लॉनची फुगत नाही. सुटी सुई आणि नोझल सहज मिळतात का, हेही विचारा, कारण सुईचं टोक कधी ना कधी वाकतंच. घेताना सुई मागून हलकेच बाहेर काढा, टोक नखावरून अलगद ओढा. खरवडल्यासारखं लागलं तर ती वाकलेली आहे, दुसरी मागा.